जुनी बोलेरो पिकअप मागून ठोकली गेली, घरी किती काम करता येईल?

पांदणवाला (वरुड तालुका)

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची महिंद्रा बोलेरो पिकअप. बाबांनी नवी घेतली होती, आता मी चालवतो. संत्रा, कापूस, खताच्या गोण्या, सगळं हिच्यावरच चालतं आमचं. मागच्या आठवड्यात मोर्शीहून परत येत होतो, मागे नुसते रिकामे कॅरेट. गतिरोधकापाशी ब्रेक दाबला आणि मागून येणारा टिप्पर सरळ येऊन आदळला. सगळा मार क्लीनर बाजूच्या मागच्या कोपऱ्यावर बसला.

झालेलं नुकसान असं. हौद्याचा मागचा उघडणारा फाळका आत वाकला आणि त्याची एक बिजागरी उपटली. त्या बाजूचा टेललाइट चुरा झाला, नंबर प्लेट दुमडली. चासीसच्या शेवटचा आडवा बीम वाकलाय, स्टेपनी खाली लोंबकळतेय. हौदा पुढे सरकलाय. केबिन आणि हौद्याच्या मधली फट ड्रायव्हर बाजूला चार बोटं आहे, क्लीनर बाजूला एक बोटही धड नाही. इंजिन, गिअर, क्लच ठीक आहेत. गाडी चालते, पण सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग थोडं क्लीनर बाजूला ओढून धरावं लागतं. आधी असं नव्हतं.

विमा फक्त थर्ड पार्टीचा आहे. इथल्या एका गॅरेजवाल्याने पाच मिनिटं पाहून सत्तर हजार सांगितले आणि महिनाभर गाडी ठेवा म्हणाला. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड तोंडावर आलीय, महिनाभर गाडी कशी ठेवू? मी आयटीआयला वेल्डरचा कोर्स केलाय. घरी आर्क वेल्डिंगचं मशीन आहे, ग्राइंडर, विहिरीतली मोटर काढायची चेन पुली, बाटली जॅक आणि पान्यांचा सेट आहे.

चेन पुलीने ओढून बीम सरळ करावा, फाळका ठोकून बसवावा, असं डोक्यात आहे. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा, कुठून सुरुवात करू?

---

मोर्शी रोड

दादा, पाना हातात घेण्याआधी कागद. ठाण्यात नोंद केली का? टिप्परचा नंबर, त्याच्या विम्याची माहिती, जागेवरचे फोटो आहेत का? तुमचा विमा थर्ड पार्टीचा असला तरी चूक टिप्परची आहे, म्हणजे तुमच्या गाडीचं नुकसान त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून मागता येतं. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो आणि तो अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. एकदा गाडी उघडली, तुकडे भंगारात गेले, की नुकसान किती होतं ते दाखवायला हातात काही राहत नाही. चारही बाजूंनी, खालून, मोजपट्टी लावून फोटो काढा. सुट्या भागांची बिलं जपून ठेवा. टिप्परवाला रोख देऊन मिटवतो म्हणत असेल तर चासीसची अवस्था कळल्याशिवाय आकडा बोलू नका.

---

आगारवाले काका

बेटा, आधी तुझं सांग. मान दुखते का? मागून धडक बसली की मानेला झटका बसतो, आणि दुखणं कधी कधी दोन दिवसांनी सुरू होतं. हाताला मुंग्या येत असतील तर गाडी राहू दे, डॉक्टरकडे जा. सीटच्या रेलचे बोल्ट आणि पट्ट्याची कडीही तपास. धडकेत पट्टा ताणला जातो. त्याचे धागे फुलले असतील किंवा तो गुंडाळताना अडकत असेल तर नवीन टाक.

आता गाडी. मी एस.टी.च्या आगारात सगळी नोकरी चासीस आणि पाट्यांवर (स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) काढली. मागून ठोकलेल्या गाड्या किती हाताखालून गेल्या त्याचा हिशेब नाही. तुला मनापासून एकच सांगतो: चेन पुलीला आत्ता हात लावू नको. फाळका, लाइट, हौद्याचा पत्रा हे डोळ्याला दिसतं म्हणून माणूस तिथून सुरुवात करतो. तुझ्या गाडीचं खरं दुखणं तू स्वतःच लिहिलंस आणि पुढे निघून गेलास. स्टिअरिंग ओढून धरावं लागतं, हे ते दुखणं. वाकलेला फाळका स्टिअरिंग ओढत नाही. एक तर चासीस वाकलीय, नाही तर मागचं हाउसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला आडवा आस, जागेवरून सरकलंय. ते मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि मोजायला पैसे लागत नाहीत.

मोजायचं असं. गाडी सिमेंटच्या सपाट अंगणात घे. अंगण नसेल तर धान्याच्या गोदामाची फरशी शोध. मातीवर हे काम होत नाही. चाकांत हवा सारखी भर. ओळंबा घे, गवंड्याचा चालतो. मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरच्या (पाट्याचं टोक चासीसला धरणाऱ्या कडीच्या) बोल्टमधून ओळंबा सोड आणि जमिनीवर खडूने फुली मार. दोन्ही बाजूंना. मग मागच्या शॅकलच्या (पाट्याच्या मागच्या टोकाच्या झुलत्या कडीच्या) हँगरच्या बोल्टमधून, दोन्ही बाजूंना. केबिनच्या मागच्या माउंटिंगच्या बोल्टमधूनही दोन. फुल्या झाल्या की गाडी पुढे काढ. आता जमिनीवर तुझ्या चासीसचा नकाशा आहे. दोन चौकोन होतील, एक केबिन ते पुढचा हँगर, दुसरा पुढचा हँगर ते शॅकल. प्रत्येक चौकोनाचे दोन कर्ण टेपने मोज. कर्ण सारखे म्हणजे तेवढा भाग चौरस आहे. दोन सुतांपर्यंत (पाव इंच) फरक मी चालवून घेत असे. त्याच्या वर गेला तर चासीस तिरपी झालीय.

दुसरं माप चाकांचं. पुढची चाकं सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोज. तू ब्रेक दाबलेला होतास. चाकांनी जमीन धरली आणि टिप्परने चासीसला पुढे ढकललं. अशा वेळी ज्या बाजूला मार बसला त्या बाजूचं हाउसिंग मागे राहू शकतं, पाटे हाउसिंगवर जागी धरणारा सेंटर बोल्ट तुटून. तसं झालं असेल तर क्लीनर बाजूचं अंतर जास्त भरेल, आणि गाडी सरळ न्यायला स्टिअरिंग क्लीनर बाजूलाच धरावं लागेल. तू लिहिलंस ते याच्याशी जुळतं. पण माझ्या अंदाजावर जाऊ नको, माप घे.

तिसरं, भेगा. चासीसची पट्टी वायर ब्रशने घासून स्वच्छ कर. मागच्या चाकाच्या वर जिथे चासीस कमानीसारखी उचलली जाते तिथे, हँगरच्या आजूबाजूला, रिव्हेटच्या भोवती. आम्ही घासलेट लावायचो, आता ते मिळत नाही, डिझेल चालतं. फडक्याने डिझेल लाव, थोडा वेळ मुरू दे, मग कोरड्या फडक्याने पार कोरडं पूस. त्यावर खडूची भुकटी चोळ. भेग असेल तर आतलं डिझेल परत वर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळपट रेघ उमटते. घाई करू नको, बघत बस. रंगाला तडा गेलाय आणि लोखंडाला गेलाय, यातला फरक इथेच कळतो.

हे तीन करून आकडे इथे टाक. मग पुढचं सांगतो. आणि गाडीखाली शिरशील तेव्हा नुसत्या बाटली जॅकवर शिरू नको. घोड्या (लोखंडी स्टँड) लाव, पुढच्या चाकांना दगड लाव. हे वाचून सोडून देऊ नको, बेटा.

---

पत्र्याचा माणूस (परतवाडा)

भाऊ, काकानं सांगतलं ते आधी कर. फाळक्याचं मी सांगतो, आपला धंदाच तो हाये.

फाळका गाडीवर ठेवून ठोकू नोको. काढून घे, जमिनीवर पालथा टाक, खाली जाड सागाची फळी दे. मार दिसतो मधात, पण पत्रा ताणला जाते कडेले. म्हणून मधात घण घालशीन तं पत्रा डबडब वाजन अन् कधीच बसणार नाई. आधी चारी कडंची घडी सरळ कर. कड सरळ झाली का मधलं पोट अर्धं आपोआप मांगं येते. मंग लाकडी हातोडा, आडवी पट्टी ठेवून, बाहेरून मधाकडं. लोखंडी घण शेवटाले, अन् तोही फळीवर, पत्र्यावर नाई. ताणलेली जागा रायलीच तं गॅसनं लहान टिपका लाल करून ओल्या फडक्यानं थंड कर, पत्रा आकसते. हे फाळक्याच्या पत्र्याले चालते. चासीसले गॅस लावू नोको, तिथं काकाचंच ऐकजो.

लांबी (पुट्टी) जाड भरू नोको. पिकअपच्या फाळक्यावर रोज कॅरेट आपटतेत, जाड लांबीचे खपले निघतेत. थोडा उंचसखल रायला तं राहू दे. घास, रेड ऑक्साइड मार दोन हात, मंग रंग. आतल्या घडीत रेड ऑक्साइड नाई गेला तं एका पावसाळ्यात गंज धरन.

बिजागरी उपटली म्हणतोस तं तिथला पत्रा फाटला असन. तिथं मांगून जाड पट्टी जोडून मंगच बिजागरी बसव. अन् फाळका लईच गेला असन तं भंगारवाल्याकडं जुना पाह्य. याच मॉडेलचे फाळके भेटतेत, फक्त दोन कड्यांमधलं अंतर मोजून जाजो.

---

पांदणवाला

काका, मान पहिल्या दिवशी आखडली होती, डॉक्टरांनी तपासलं, हाताला मुंग्या नाहीत. पट्टा मात्र अर्ध्यातच अडकतोय, बदलतो. ठाण्यात नोंद केली आहे, टिप्परचे कागद आणि फोटोही आहेत, मोर्शी रोड यांचे आभार.

गोदामाच्या फरशीवर मोजलं. केबिन ते पुढचा हँगर, दोन्ही कर्ण अगदी सारखे. पुढचा हँगर ते शॅकल, एक सूत फरक. हब ते हब मोजलं तर क्लीनर बाजूला चार सूत जास्त भरलं, म्हणजे अर्धा इंच. त्या बाजूच्या, पाटे हाउसिंगला आवळणाऱ्या यू बोल्टचे नट हाताने हलत होते. ढिले करून पाट्यांच्या खाली पाहिलं तर सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगच्या भोकात तसंच अडकलेलं आणि बाकीचा बोल्ट पाट्यांत. तुटलेली बाजू एका अंगाला जुनी, काळी, आणि एका अंगाला ताजी चकचकीत. पाटे मात्र अख्खे आहेत.

शॅकलच्या हँगरच्या मागे चासीसचं क्लीनर बाजूचं शेपूट आत दाबलं गेलंय. ड्रायव्हर बाजूपेक्षा सव्वा इंच आखूड आहे आणि थोडं खाली झुकलंय. वरच्या पट्टीला चुणी पडलीय. डिझेल आणि खडू लावला. कमानीवर काही नाही, दोन्ही हँगर स्वच्छ. पण त्या चुणीत आणि आडव्या बीमच्या जोडपट्टीच्या कोपऱ्यात रेघ आली. चुणीतली बोटाच्या पेराएवढी आहे.

आता ते शेपूट ओढून सरळ करू का?

---

आगारवाले काका

छान मोजलंस. आकडे चांगले आहेत. तुझ्या गाडीचा मुख्य सांगाडा, शॅकलपर्यंतचा, वाचलाय. तिथे फरक निघाला असता तर मी तुला घरी हात लावू दिला नसता, अमरावतीला चासीस सरळ करायच्या बेंचवर पाठवलं असतं.

सेंटर बोल्टचं वाचून मला काही नवल वाटलं नाही. एका अंगाला काळा म्हणजे तो धडकेच्या आधीच अर्धा तुटलेला होता. यू बोल्ट ढिले असले की सगळा भार त्या एका बोल्टवर येतो आणि तो हळूहळू चिरत जातो. टिप्परने उरलेला अर्धा तोडला. ड्रायव्हर बाजूचाही काढून बघ, मला त्याचाही भरवसा नाही. दोन्ही सेंटर बोल्ट आणि यू बोल्टचे आठही नट नवे. यू बोल्ट एकदा ताणले गेले की परत वापरायचे नसतात, तेही नवे घे. जुना बोल्ट दुकानात घेऊन जा आणि जाडी, आटे, लांबी जुळवूनच घे, नुसतं गाडीचं नाव सांगून आणू नको. सेंटर बोल्टचं डोकं हाउसिंगच्या भोकात नीट बसलंय हे बोटाने चाचपून मगच नट आवळ. नट आळीपाळीने, तिरपे आवळायचे, आणि शेवटची ओढ गाडी जमिनीवर, चाकांवर उभी असताना. कंपनीच्या पुस्तकात टॉर्कचा आकडा असतो, टॉर्क पाना कुणाकडून तरी मागून आण. गाडी थोडी चालल्यावर परत आवळ, कारण पाटे बसतात.

हाउसिंग अर्धा इंच सरकलं म्हणजे त्याला जोडलेलं सगळं ताणलं गेलं. मागच्या ब्रेकचा रबरी होज वाकवून बघ, चिरा असतील तर बदल. हँडब्रेकची केबल बघ. बऱ्याच पिकअपना हाउसिंगपासून चासीसवरच्या व्हॉल्व्हपर्यंत एक सळी असते, भार पाहून मागचा ब्रेक कमीजास्त करणारी. ती वाकली असेल तर भरल्या गाडीत मागचा ब्रेक कमी पडेल. ती अंदाजाने ठोकून सरळ करायची वस्तू नाही, गॅरेजला दाखव. होज उघडलास तर ब्रेकची हवा काढावी लागेल, सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात कर. जॉइंट शाफ्टचे क्रॉस (सांधे) हाताने हलवून बघ.

आता शेपूट. ओढू नको. चुणी पडलेलं लोखंड सरळ केलं की त्याच घडीत ते मोडतं, आणि तुझ्या चुणीत तर भेग आधीच आहे. गॅसने लाल करून सरळ करणारे गावोगावी भेटतील. चासीसचं लोखंड असं तापवलं की त्याची ताकद जाते, वर्षभराने त्याच जागी वाकतं. तेवढा तुकडा कापून दुसरा जोडायचा. भंगारात याच मॉडेलच्या चासीसचं मागचं शेपूट आडव्या बीमसकट मिळालं तर सगळ्यात उत्तम, गंज कमी असलेलं निवड. कापण्याआधी तुझा चासीस नंबर कुठे कोरलाय तो शोध. त्याच्या जवळ ग्राइंडर, वेल्डिंग, रंग काहीही जायला नको.

तू वेल्डर आहेस म्हणून पुढचं सांगतो. कुणी नवखा असता तर इथेच थांबलो असतो. काप हँगरपासून मागे, त्याला न चिकटता. काप सरळ उभा नको, तिरपा दे. सरळ कापलेला सांधा एकाच रेषेत सगळा ताण घेतो. आतून त्याच जाडीची चॅनलची पट्टी दे, सांध्याच्या दोन्ही बाजूंना पुरेशी लांब, आणि तिची टोकं तिरपी काप. वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग ओढू नको, तिथूनच भेग सुरू होते. तुझं मशीन कसलं आहे? जुनं ट्रान्सफॉर्मरचं असेल तर दोन दिवस इन्व्हर्टर मशीन भाड्याने आण. हे काम ७०१८ रॉडचं आहे आणि तो रॉड डीसीवर चांगला चालतो. ग्रिल-दरवाज्यांचा ६०१३ इथे नको. ७०१८ ओल धरतो, नवीन पाकीट फोड आणि लगेच वापर. जोडण्याआधी ओळंबा आणि खडूचा तोच नकाशा परत काढ, शेपूट टाचून धर, कर्ण मोज, मगच पूर्ण वेल्डिंग. थोडं इकडे, थोडं तिकडे, म्हणजे उष्णतेने ओढलं जाणार नाही.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि अल्टरनेटरची वायर काढ. ई.सी.यू. (इंजिनचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल) असेल तर त्याचा कनेक्टरही काढ. अर्थिंगचा चिमटा सांध्याच्या अगदी जवळ, घासलेल्या लोखंडावर लाव. तो हाउसिंगला किंवा चाकाला लावलास तर करंट बेअरिंगमधून जाईल. डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग बाजूला बांध, टाकी जवळ असेल तर उतरवूनच ठेव. कुणीतरी पाण्याची बादली आणि ओलं पोतं घेऊन शेजारी उभं राहू दे.

आणि हौदा शेवटी. चासीस झाल्यावर त्याचे बोल्ट ढिले कर, मधली रबरं बघ, दबलेली बदल, आणि केबिनची फट दोन्ही बाजूंना सारखी आली की आवळ.

---

पांदणवाला

मशीन ट्रान्सफॉर्मरचंच आहे काका. चुलत्याकडे इन्व्हर्टर आहे, ते आणतो. ड्रायव्हर बाजूचा सेंटर बोल्टही काढला. तुटला नव्हता, पण डोक्याखाली घासून बारीक झाला होता. शेपटाचा तुकडा अमरावतीच्या भंगारात बघायला उद्या जातो. सगळं बसवल्यावर गाडी सरळ चालते हे घरी कसं तपासू?

---

आगारवाले काका

परत हब ते हब मोज, ते पहिलं. मग सकाळी कोरड्या डांबरी रस्त्यावर, रहदारी नसेल तिथे, पाण्याचं एक डबकं कर. रिकामी गाडी त्यातून सरळ ने आणि वीस-पंचवीस पावलांवर थांब. मागे जाऊन ओले पट्टे बघ. मागच्या चाकांचा पट्टा पुढच्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंना सारखाच पडला पाहिजे. एका बाजूला जास्त बाहेर निघत असेल तर हाउसिंग अजून तिरपं आहे, नट ढिले करून परत बसव. त्यानंतर अलाइनमेंट. ती आधी करून पैसे घालवू नको.

---

मोर्शी रोड

एक राहिलं. गाडी आठ वर्षांच्या वर आहे म्हणजे फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी लागतं. तारीख बघून ठेवा. दोन्ही टेललाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर चालू हवेत आणि मागे लाल रिफ्लेक्टर टेप नवी लावा, जुनी फाळक्याबरोबर गेली असेल. दुमडलेली नंबर प्लेट ठोकून सरळ करून लावू नका. हाय सिक्युरिटीची नवी मागवा, तिला वेळ लागतो, म्हणून आजच अर्ज करा.

---

पांदणवाला

प्लेटचा अर्ज केला. फिटनेस जानेवारीपर्यंत आहे. शेपटाचा तुकडा मिळाला की जोडण्याआधीची मापं आणि फोटो इथे टाकतो. काका, टाचून झाल्यावर तुम्ही कर्णाचे आकडे पाहिल्याशिवाय मी पूर्ण वेल्डिंग करणार नाही.